कॅसेटवरचा काळोख

“आता काळतोंड्याचं तोंड दिसणार!” असं म्हणत प्रल्हाद थेट पार्लरच्या पडद्यातून आत आले, आणि चेहऱ्यावर लेप लावून खुर्चीत पडलेल्या डॉक्टरीणबाई दचकून उठून बसल्या.

बायकांच्या पार्लरमध्ये पुरुषानं पाऊल ठेवायचं नाही, हे आमच्या ह्यांना लग्नापासून पाठ होतं. पण त्या दिवशी त्यांच्या हातात कुरिअरचं फाडलेलं पाकीट होतं आणि तोंडावर शाळकरी पोराचा आनंद. मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

“कुणाचं तोंड? आणि जरा हळू बोला की.”

“अगं, ‘काळं गुऱ्हाळ’! तुला सांगितलेला तो पिक्चर. जुने सिनेमे जपणाऱ्या पुण्याच्या लोकांना त्याची मूळ निगेटिव्ह सापडली. एकेक चित्र धुऊन-पुसून त्यांनी डिस्क काढलीय. मी मागवली.”

प्रल्हाद निपाणीचे. मी आईची एकुलती एक, म्हणून लग्नानंतर तेच मुरगूडला आले आणि बाजारात टीव्ही-डिश दुरुस्तीचं दुकान टाकलं. लहानपणी निपाणीच्या एका व्हिडिओ पार्लरमध्ये त्यांनी हा पिक्चर कितीतरी वेळा बघितला होता. गुऱ्हाळावर कामाला आलेल्या माणसांना कुणीतरी एकेक करून कोयत्यानं मारतो, एवढीच त्याची गोष्ट. मारणारा मुखवटा घालून यायचा, पण कॅसेट इतकी घासलेली की मुखवट्याच्या जागी नुसता काळा डाग. पोरांनी त्याला नाव पाडलं काळतोंड्या. मुखवटा राक्षसाचा आहे की म्हातारीचा, यावरून त्यांच्या मारामाऱ्या व्हायच्या. तो पिक्चर थिएटरात आठवडाभरही टिकला नव्हता, मग पुढं कॅसेटीही दिसेनाशा झाल्या. प्रल्हाद मात्र तो काळा डाग विसरले नव्हते.

“आणि गंमत सांगू? ह्या माहितीपत्रकात लिहिलंय, शूटिंग आपल्या इथलंच आहे. वेदगंगेच्या काठावरचं.”

माझ्या हातातला लेपाचा ब्रश तसाच राहिला.

आमच्या घरात सिनेमा हा शब्द कुणी काढत नसे. माझे वडील, आबा, धोंडीराम लोहार. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचा भाता होता. कोयते, विळे, कुऱ्हाडी, सगळ्या तालुक्याची धार आबांच्या हातची. मी दुसरीत असताना नदीकाठच्या एका गुऱ्हाळावर सिनेमा कंपनी उतरली आणि आबांना काम मिळालं. नटांच्या हातातल्या कोयत्यांची धार घालवायची. “आयुष्यभर धार लावली, आता धार मोडायची मजुरी मिळायली,” असं म्हणून ते हसत घराबाहेर पडले होते. ते हसणं मला अजून आठवतं. ते परत आले नाहीत. कंपनीच्या गाडीत बसून मुंबईला गेले, तिथल्या एका नाचणारीबरोबर संसार थाटला, असं गावभर झालं. आईनं त्यांचा भाता भंगारात विकला आणि लोकांच्या घरी भाकऱ्या बडवून मला वाढवलं. प्रल्हादना यातलं ‘सिनेमावाल्यांबरोबर गेले’ एवढंच माहीत होतं. सिनेमा कुठला, हे आईनं कधी उच्चारलं नव्हतं. पण आमच्या गावात आलेली कंपनी एकच.

“काय झालं?” प्रल्हादनी विचारलं.

“हाच तो पिक्चर,” मी म्हटलं. “आबा गेले तो.”

त्यांचा चेहरा उतरला. “टाकून देऊ का?”

“नको. आई अमावस्येला आदमापूरला जाणार आहे. तेव्हा बघू.”

मला काय बघायचं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. कुठंतरी गर्दीत, एखाद्या कोपऱ्यात आबा दिसतील असं वाटत होतं. आणि त्यांच्या शेजारी ती बाई. तिचं तोंड मला एकदा बघायचं होतं.

अमावस्येला आई सकाळच्या गाडीनं बाळूमामाच्या दर्शनाला गेली. प्रल्हादनी दुकान उघडलं नाही. खिडक्यांना चादरी बांधल्या आणि भर दुपारी आम्ही दोघं टीव्हीपुढं बसलो.

चित्र सुरू झालं आणि प्रल्हादच्या तोंडून ‘आयला’ बाहेर पडलं. उसाची ओली चिपाडं, गुळाच्या काहिलीतून उठणारी वाफ, तिच्याखालच्या चुलवणाच्या तोंडातला जाळ, माणसांच्या कपाळावरचा घाम, सगळं काल टिपल्यासारखं. “कॅसेटवर इथं नुसता काळोख होता गं,” ते सारखं सांगत होते. “हे झाड होतं हे मला आज कळतंय.” मला मात्र त्या स्वच्छपणाचीच भीती वाटत होती. आमची नदी होती ती. पलीकडच्या काठाचा वडही मी ओळखला. माणसं हसत होती, बायका मोळ्या वाहत होत्या, आणि मी एकेक चेहरा तपासत होते. आबा कुठंच नव्हते. नाचणारी बाईही नव्हती. पिक्चरभर एकही नाच नव्हता.

पहिला खून झाला तेव्हा मारणारा पाठमोरा होता. दुसऱ्या वेळी त्याची सावली दिसली. तिसऱ्या वेळी एक पोरगी चिपाडाच्या गंजीमागं लपते, श्वास रोखून बसते, आणि गंजीतली चिपाडं आपोआप बाजूला होऊ लागतात.

“आता,” प्रल्हाद म्हणाले. “आता बघ.”

चिपाडांतून तोंड बाहेर आलं.

राक्षसाचं नव्हतं, म्हातारीचंही नव्हतं. साध्या माणसाचं होतं. रबराचं, फिकट, गुळगुळीत. त्याचे डोळे मिटलेले होते. नटाला दिसावं म्हणून पापण्यांच्या खाली दोन बारीक चिरा दिल्या होत्या. ओठ एका बाजूला ओढले गेलेले, किंचित उघडे, जणू काहीतरी सांगता सांगता राहून गेलेले. झोपलेला माणूस कोयता घेऊन चालत यावा तसं ते तोंड पोरीच्या अंगावर आलं आणि पडदाभर झालं.

डाव्या भुवईत आडवी खाच होती.

“थांबवा,” मी म्हटलं.

“अगं, हाच तर सीन...”

“थांबवा म्हणते ना!”

चित्र थांबलं. मी उठले, आईची पत्र्याची पेटी उघडली आणि तळाशी साड्यांखाली दडवलेला लग्नाचा फोटो काढला. आईनं भाता विकला होता, पण फोटो फाडला नव्हता. भात्यावरची ठिणगी उडून आबांच्या भुवईत खाच पडली होती. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मी त्या खाचेवरून बोट फिरवायची. फोटो मी टीव्हीशेजारी धरला.

प्रल्हाद आधी फोटोकडं बघत राहिले, मग पडद्याकडं. मग त्यांनी टीव्ही बंद केला आणि खिडक्यांच्या चादरी सोडायला लागले.

“मुखवटा कुणी केला, बघा त्या कागदात,” मी म्हटलं.

त्यांनी माहितीपत्रक उघडलं. बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबलं. “मुखवटा, निवृत्ती कुंभार, मुरगूड.”

निवृत्तीमामा.

आबा गेल्यावर गावात आमच्या दारात उभा राहिलेला एकच माणूस. आबांचा जिवलग दोस्त. दर वर्षी गणपती त्यांच्याकडचा, त्याचा मोबदला त्यांनी कधी घेतला नाही. माझ्या लग्नात मामा म्हणून तेच उभे होते. आईला भाऊ नाही, म्हणून भाऊबीजेला ती त्यांना ओवाळायची आणि ते तिला हौसाताई म्हणायचे. आणि धोंडीराम कंपनीच्या गाडीत बसताना आपण डोळ्यांनी बघितलं, हे गावाला सांगणारेही तेच होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कुंभारवाड्यात गेलो. श्रावण लागला होता. पत्र्याच्या शेडमध्ये गणपती ओळीनं मांडले होते, सगळे पांढरेफटक, अजून रंग नसलेले. डोळे सगळ्यात शेवटी काढतात. त्यामुळं लहानमोठे सगळे गणपती कोऱ्या डोळ्यांनी दाराकडं तोंड करून बसले होते. मुलगा-सून बाकीचं काम करायचे, पण डोळ्यांची आखणी मामा अजून कुणाला करू देत नसत. लांबलांबची मंडळं त्यासाठी त्यांच्याकडं यायची.

“ये गं शालन. पावणं पण आल्यात? बसा, बसा. च्या टाक गं,” त्यांनी सुनेला हाक मारली.

मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. थांबवलेल्या चित्राचा फोटो होता.

मामा चष्मा वर करून बघत राहिले. हातातला ब्रश त्यांनी पाण्यात बुडवला, पुन्हा काढला, पुन्हा बुडवला.

“हे कुठं घावलं?”

“पिक्चर साफ करून आणलाय पुण्याच्या लोकांनी. आता सगळं स्वच्छ दिसतंय.”

“जळाला म्हणला हुता पाटणकर. निगेटिव जळाली म्हणला हुता.”

“पाटणकर कोण?”

“कंपनीचा मालक. मेला त्यो कवाच.”

“मामा, हे तोंड कुणाचं आहे?”

“मुखवटा हाय. मनानं केलेला.”

“भुवईची खाच पण मनानं?”

सून चहा घेऊन आली. कप ठेवून ती आत गेली.

“बसला हुता त्यो साच्याला,” मामा खालच्या आवाजात म्हणाले. “कंपनीच्या नटाला दाढी हुती, त्यो प्लास्टर लावून घीना. पाटणकर म्हणला, ह्या लोहाराचं तोंड झ्याक हाय, मोठं हाय. मग धोंडीराम बसला. साचा दिला आन् गेला गाडीत बसून. त्येच तर सांगत आलोय मी.”

मी पार्लर चालवते. दिवसाला किती बायकांच्या तोंडाला लेप लावते त्याचा हिशेब नाही. लेप सुकत आला की माणूस कसं स्वस्थ पडतं, ओठ कसे सैल होतात, ते माझ्या रोजच्या डोळ्याखालचं आहे. पण त्या तोंडावरचे ओढलेले ओठ तसे नव्हते, आणि ते मला आदल्या दुपारपासून झोपू देत नव्हते.

“मामा, साचा घेताना डोळे मिटलेले असतात हे मला कळतं. पण त्या साच्यातनं तुम्ही मातीचं तोंड काढलं असणार, त्यावर काम केलं असणार. मातीत डोळे उघडणं तुमच्या डाव्या हातचा मळ. मग ह्याचे का नाही उघडले?”

मामांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला.

“मेलेल्या माणसाचं डोळं मी कसं उघडू, पोरी?”

प्रल्हादनी माझा हात धरला.

मग मामा सांगत गेले. गुऱ्हाळाच्या मागच्या खोपीत आबांना बाजेवर निजवलं. नाकात पपईच्या देठाच्या नळ्या दिल्या आणि तोंडभर प्लास्टर थापलं. भात्याच्या धुरानं आबांची छाती मुळात धरलेली, त्यात सर्दी. प्लास्टर घट्ट व्हायला लागलं की तापतं. त्रास झाला तर हात वर करायचा, असं ठरलं होतं.

“हात वर केला का त्यांनी?”

“केला.”

“मग?”

“पाटणकरनं हात धरला. म्हणला, साचा मोडंल, जरा कळ काढ. समद्यांनी हसण्यावारी नेलं. काढून बघितलं तर... श्वास न्हवता.” मामांनी कपाळ पुसलं. “पाटणकर म्हणला, प्लास्टर तू लावलंस, फासावर तू जाशील. माझी दोन पोरं लहान हुती, शालन. चुलवण दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी पेटवलेलंच हुतं.”

“चुलवणात?” प्रल्हाद एकदम उठून उभे राहिले.

“अग्नी दिला. मीच दिला. हात जोडून दिला.” मामांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. “आन् चार दिसांनी पाटणकर म्हणला, साचा चांगला आलाय, मुखवटा कर. त्या वाकड्या ओठावर हात फिरवून म्हणला, असंच ठेव, लोकं भितील.”

बाहेर पडताना ते माझ्यामागं दारापर्यंत आले. “हौसाताईला सांगू नको. मी मेल्यावर सांग. लई दिस ऱ्हायलं न्हाईत माझं.”

मी चपला घातल्या आणि निघाले. आई मुक्काम करून त्याच संध्याकाळी परत आली होती. जेवताना ती आदमापूरच्या गर्दीबद्दल सांगत होती आणि मी मान डोलवत होते. प्रसाद म्हणून तिनं आणलेला भंडारा तिनं आमच्या कपाळाला लावला. मला वाटलं, न सांगितलं तर काय होईल? म्हातारपण निभून जाईल. आपल्या भावाला ओवाळत राहील. पण त्याच घासाला ती म्हणाली, “बाळूमामाच्या देवळात एक बाई हुती. तिचा नवरा धा वर्सांनी परत आला म्हणं. आमचं मुडदं कुठं कुजलंय देव जाणं.” आबांचा उल्लेख ती असाच करायची. रोज सकाळी चूल पेटवताना तिच्या तोंडी आबांसाठी एक शिवी असायची. लहानपणी मला ते देवाचं नाव घेण्यासारखंच वाटायचं.

सकाळी ती पडवीत पावटे सोलत बसली होती. मी तिच्यापुढं बसले.

“आई, आबा पळून गेले नव्हते.”

तिचे हात थांबले नाहीत. “कुणी सांगितलं?”

“निवृत्तीमामांनी.”

मी सगळं सांगितलं. चुलवणाचंसुद्धा. सांगताना मी तिच्याकडं बघू शकत नव्हते, तिच्या बोटांकडं बघत होते. शेंगा संपल्या तरी ती रिकाम्या सालांतून बोटं फिरवत होती.

“दाव मला,” ती शेवटी म्हणाली.

“आई, त्यात खूप मारामारी आहे. रक्त आहे...”

“दाव म्हणलं न्हवं.”

प्रल्हादनी डिस्क लावली आणि खुनाचे प्रसंग पुढं ढकलायला रिमोट हातात घेतला. आई म्हणाली, “पळवू नगा जावईबापू. कसा हाय तसा येऊ द्या.” आयुष्यात सिनेमा न बघितलेली माझी आई, डोक्यावरचा पदर सारखा करून, तो सगळा पिक्चर पहिल्यापासून बघत बसली. किंकाळ्या आल्या, रक्त आलं, ती हलली नाही. चिपाडांतून ते तोंड बाहेर आलं तेव्हा मात्र बसल्या जागेवरून पुढं सरकली, टीव्हीच्या अगदी जवळ.

“हेच,” ती म्हणाली. “हे तोंड त्यांचंच.”

मुखवटा चालू लागला. पोरीच्या मागं, नदीच्या वाटेनं. आई मान तिरकी करून बघत होती.

“पण ह्यो चालणारा दुसराच कुणीतरी हाय. त्यांचं चालणं असं न्हवतं. पाय घासत न्हवतं ते. ताठ चालायचं.” मग पडद्यावरची नजर न काढता, “रोज शिव्या घातल्या मी ह्या माणसाला. एक दिस चुकवला न्हाई.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो काढला नाही, धरलाही नाही. पिक्चर संपला, नावं वर सरकत गेली. तिला वाचता येत नव्हतं. “ह्यात त्यांचं नाव हाय का गं?” तिनं विचारलं.

“नाही.”

ती उठली. न्हाणीत जाऊन तोंड धुतलं, पेटीतलं इरकल काढून नेसली आणि चपला पायात घालून म्हणाली, “चला कुंभारवाड्यात.”

शेडमध्ये मामा एका मोठ्या गणपतीपुढं बसले होते. एका डोळ्याची आखणी झाली होती, दुसरा कोरा होता. आईला दारात बघून ते उठायला गेले आणि तसेच परत बसले. आईनं एक पोतं ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली. ओरडली नाही. दर भाऊबीजेला त्यांना ओवाळायला बसायची तेवढंच अंतर दोघांत होतं.

“सांग,” ती म्हणाली. “पहिल्यापासनं. काय गाळू नको.”

मामांनी सांगितलं. जे मला सांगितलं होतं तेच, पण आई मध्येमध्ये विचारत होती. त्या दिवशी ते काय जेवले होते? बाजेवर निजताना काय म्हणाले? अंगात कुठला सदरा होता? मामांना सगळं आठवत होतं. सदरा निळा होता. निजताना थट्टा करत होते, ‘हौसाला सांगतो, तुझ्या नवऱ्याचं आता शिनेमात तोंड येणार.’ आईनं ते ऐकलं आणि एकदा डोळे मिटून घेतले.

“त्यांनी हात वर केला तवा तू कुठं हुतास?”

“उशाला.”

“आन् हात कुणी धरला?”

मामांनी ब्रश खाली ठेवला. मुलगा आणि सून आतून येऊन खांबाला टेकून उभे राहिले होते.

“निवृत्ती, हात कुणी धरला?”

मी पटकन म्हणाले, “आई, तो पाटणकर म्हणून...”

“मी,” मामा म्हणाले. “मी धरला, ताई. पाटणकर तिथं न्हवताच. त्यो जेवायला गेलता.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. आईला मात्र नीट ऐकू आलं होतं.

“निजायच्या आधी धोंडीरामच म्हणला हुता, मी हललो तर दाबून धर, साचा बिघडला तर दुसऱ्यांदा हे करायला मी न्हाई बसणार. हात वर आला. मला वाटलं, थट्टा करतोय. त्याचा सोभावच तसा. मी हात खाली दाबला आन् म्हणलो, गप पड रं भाड्या. परत वर आला. परत दाबला. त्यानं माझी बोटं धरली हुती, ताई. गच्च धरली हुती. मला वाटलं, खेळतोय. मग हळूहळू सोडली. मला वाटलं, चला, गप झाला एकदाचा.”

सून तोंडाला पदर लावून आत पळाली.

“एवढं मला आदी का सांगितलं न्हाईस?” आईनं विचारलं.

“सांगितलं असतं तर तू ओवाळलं नसतंस.”

“व्हय. नसतं ओवाळलं.”

ती पोत्यावरून उठली. “चल,” ती मामांना म्हणाली.

“कुठं?”

“फौजदाराकडं.”

मुलगा पुढं झाला. “आत्ती, आवो एवढ्या वर्सांनी कशाला? काय मिळणार हाय? बाप थकलाय, पाणी गिळायला येत न्हाई त्याला...”

“गप बस,” मामा त्याच्यावर खेकसले. आम्ही कुणी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. “माझ्या चपला आण.”

आम्ही प्रल्हादच्या दुकानाच्या गाडीतून गेलो. मागच्या सीटवर एका खिडकीला आई, दुसऱ्या खिडकीला मामा, मध्ये मी.

पुढं जे झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात फार काही नाही. पाटणकर मेलेला होता आणि त्याच्या कंपनीतला दुसरा कुणी सापडला नाही. गुऱ्हाळाच्या जागी आता विटभट्टी आहे. तिथली जमीन उकरली, राख आणि दगडांशिवाय काही निघालं नाही. मामांनी जबाबात एक शब्द फिरवला नाही. खटला उभा राहायच्या आधी, पुढच्या पावसाळ्यात, ते गेले. आई मातीला गेली नाही, पण त्या दिवशी तिनं घरात चूल पेटवली नाही. पुण्याच्या लोकांना प्रल्हादनी पत्र पाठवलं, तेव्हा त्यांनी उरलेल्या डिस्क विकायच्या थांबवल्या. आमची डिस्क पोलिसांकडं जमा आहे. आबांचं तोंड मी पुन्हा बघितलेलं नाही, आणि आई गेल्यालाही आता दोन वर्षं होतील.

पण मला अजून डोळ्यांपुढं दिसतं ते त्या दुपारचं ठाणं. वर पंखा कुरकुरत होता. हवालदार तरुण होता, बाहेरच्या जिल्ह्यातला असावा. त्यानं कागद पुढं ओढला, पेनचं टोपण काढलं आणि आई, मामा आणि मी, आमच्या तिघांकडं बघून विचारलं, “हं, तक्रार काय आहे? चोरी? मारहाण?”

मी तोंड उघडलं, पण आईनं माझ्या मनगटावर हात ठेवून मला थांबवलं. इरकलाचा पदर खांद्यावर घेतला आणि टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून ती त्याच्यापुढं वाकली.

“माझा नवरा मला सोडून पळून गेला न्हवता,” ती म्हणाली. “आदी तेवढं लिवा. बाकीचं ह्यो सांगंल.”